राजमणीचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही, लेकीला तर नाहीच. सांगायची वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही — वेळ कितीदा तरी येऊन गेली, मीच तिला वळसा घालून पुढं निघून गेले. मग आज कशाला बसलेय सांगायला? ते मलाही नीट कळलेलं नाही. परवापासून कामात लक्ष नाही, एवढं खरं. दूध गॅसवर ठेवते आणि दारात जाऊन उभी राहते, कशाला आले ते आठवत नाही. परत आत येते. परत बाहेर जाते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल. बघू.

माझं नाव शोभा. माहेर मोहोळ तालुक्यातलं, सासर सोलापुरात. इथं औद्योगिक वसाहतीत सुऱ्या बनवायचं एक वर्कशॉप आहे, तिथं मी कामाला आहे. लेकरं लहान असताना लागले, आता नातू शाळेत जातो. घरातल्या भाजीच्या सुऱ्या, खाटकांचे सत्तूर, नारळवाल्यांचे कोयते, असा माल आम्ही करतो. पत्र्याची मोठी शेड. एका बाजूला पाती कापायचं मशीन, मधे धार लावायची चाकं, कडेला पॉलिशची चाकं, आणि शेवटी मुठी बसवायची टेबलं. मी सुरुवातीला मुठीवर होते, मग पॉलिशवर गेले. आता मी नव्या बायकांना शिकवते.

काम शिकवते असं म्हणतात, पण खरं तर पहिले दिवस मी काम शिकवतच नाही. हात कसे शाबूत ठेवायचे ते शिकवते. पदर कमरेला घट्ट खोचायचा, वरून एप्रन. बांगड्या घरी. केस रुमालात, एकसुद्धा बट बाहेर नको. चाकापाशी कापडी हातमोजे घालायचे नाहीत — नव्या बायकांना हे उलटं वाटतं, पण चाकानं मोजा ओढला तर त्याच्यासोबत बोट जातं. पॉलिश करताना धारेची बाजू वर धरायची नाही, चाक पातं हिसकावून फेकतं. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, दुसरीनं टेबलावरून घ्यायची. ट्रेमध्ये पाती सगळी एका दिशेनं लावायची आणि ट्रे गच्च भरायचा नाही. पायात बूट, कायम, कितीही उकडलं तरी.

आणि शेवटचं सगळ्यात मोठं. सुरी पडली तर धरायची नाही. दोन्ही हात वर आणि पाय मागं. पडू द्यायची. धार गेली तर परत लावता येते.

हे मी चांगलं शिकवते. उगाच नम्रपणा कशाला? बायका माझं ऐकतात. मालक बाहेरचं कुणी बघायला आलं की मला बोलावतात, माझे हात पुढं करायला सांगतात. "बघा, एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही," असं म्हणतात. मी हात पुढं करते. पाहुणे बघतात. कुणी कुणी कौतुकानं माझ्या बोटांना हातही लावतं. त्या वेळी मला काय होतं — ते नंतर सांगते. नंतर, नक्की.

धरायची नाही हे नुसतं सांगून चालत नाही. पडणारी वस्तू धरायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. फुलपात्र पडलं, धरलं. लेकरू पडलं, धरलं. बाईचा हात तर विचार करायच्या आत पुढं जातो. म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगते. आमच्याकडं राजमणी म्हणून एक बाई होती, फार हुशार, फार चपळ. एक दिवस टेबलावरून सत्तूर पडला आणि तिनं तो धरला — पात्याला. दोन बोटं कायमची गेली. गेली म्हणजे आहेत, पण वाकत नाहीत. तेव्हा बायांनो, हुशारी करू नका. राजमणी होऊ नका.

या गोष्टीत एकही शब्द खोटा नाही. मी कितीदा तरी तपासून बघितलंय. एकही नाही.

राजमणी कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला ती नुसती गोष्टीतली बाई वाटेल. ती तेलुगू, पद्मशाली घरातली. तिचे सासरे, दीर, नवरा सगळे मागावर. ती स्वतः लग्नाच्या आधीपासून विड्या वळायची. त्या घरांतून बहुतेक बायका वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, तोंडानं गप्पा चालू आणि बोटं आपली चाललेली. राजमणीची बोटं बघायला मी तिच्या घरी एकदा मुद्दाम थांबले होते. पान उचललं, तंबाखू पसरला, वळली, टोक दुमडलं, दोरा — कुठं काय झालं ते दिसायचंच नाही. पण तंबाखूनं तिला खोकला लागला, म्हणून ती आमच्याकडं आली. आम्ही एकाच आठवड्यात लागलो. मालकांनी तिला मुठी बसवायला दिल्या आणि थोड्याच दिवसांत सगळी शेड तिचं काम बघायला यायला लागली.

ती मला अक्का म्हणायची. मी तिच्याहून थोडीच मोठी, पण म्हणायची. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघी पाण्याच्या टाकीमागं बसायचो. माझी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तिचा भात आणि चिंचेचं आंबट सार. भाकरी सारात बुडवून खायची तिची पद्धत मी उचलली, आजही तशीच खाते. तिचं मराठी मोडकं होतं, पुरुषाला बाई करायची आणि बाईला पुरुष, आणि मी हसले की तीही हसायची. माझा नवरा गिरणी बंद पडल्यावर घरी बसला होता. त्याचं चिडणं, सासूचं टोचणं, सगळं मी तिला सांगायची. तिला किती समजायचं कोण जाणे. पण ती ऐकताना खायचं थांबवायची. एवढं पुरे नसतं का माणसाला?

आता बूट. बुटांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आधी आम्ही चपलांवरच काम करायचो. मग एका माणसाच्या पायावर लोखंडी पट्टी पडून अंगठा ठेचला, आणि मालकांनी सगळ्यांना जाड बूट आणून दिले. पुढं टोपीसारखं कडक, आत अस्तर. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. वरून पत्रा तापलेला, बाजूला चाकांची धग, आणि पायात ते बूट. पाय शिजायचे. बोटांच्या मधे चिखल्या झाल्या. मग मी काय करायचे — टेबलाखाली बूट काढून ठेवायचे आणि अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकवायचे. दुपारी फरशीवर पाणी मारलेलं असायचं. त्या गारव्यासाठी मी काहीही केलं असतं.

आमचे मिस्त्री — शेडचं सगळं तेच बघायचे — कडक माणूस. त्यांनी मला अनवाणी एकदा पकडलं, रागावले. परत पकडलं, तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं, आता दिसलं तर घरी जायचं, परत यायचं नाही. राजमणीही सांगायची. तिचं सांगणं मिस्त्रींसारखं नसायचं. काम करता करता टेबलाखाली बघायची आणि हळूच म्हणायची, अक्का, बूट. मी घालायची. थोड्या वेळानं काढायची.

पुढचं सांगायचं म्हटलं की मला पाणी प्यावंसं वाटतं. पिऊन आले आत्ता.

एप्रिलची दुपार होती. मधे लाइट गेली होती, पंखे बंद, सगळे घामानं निथळत बसलेले. लाइट आली तेव्हा मिस्त्री ओरडत आले, माल लवकर उरका, टेम्पो यायचाय. सत्तुरांचा माल होता. मी पॉलिश झालेली पाती पुसून ट्रेमध्ये लावत होते. ट्रे भरला. दुसरा ट्रे आणायला शेडच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं, आणि त्यासाठी बूट घालावे लागले असते. म्हणून मी त्याच ट्रेवर आणखी पाती रचली. काही आडवी, काही उभी, जशी बसतील तशी. ट्रे टेबलाच्या अगदी कडेला. राजमणी माझ्या उजव्या हाताला उभी होती, त्यातली पाती घेऊन मुठी बसवत होती.

माझं कोपर लागलं. कुणाचंही नाही, माझंच. सगळ्यात वरचा सत्तूर घसरला.

मला तो घसरताना दिसला नाही, मी कपाळावरचा घाम पुसत होते. मला ऐकू आलं ते राजमणीचं बोलणं.

"अक्का, पाय."

आधी शब्द आला आणि मग हात. हे लक्षात घ्या, मी इतकी वर्षं याच्यावरच अडकलेय. हात आधी आला असता तर म्हणता आलं असतं, सवयीनं गेला. पण ती आधी पाय म्हणाली. तिनं पाय बघितला होता. फरशीवर टेकलेला, उघडा, माझा पाय. आणि मी काय केलं, तर पाय मागं घ्यायच्या ऐवजी तिच्या तोंडाकडं बघितलं. काय म्हणते ही, म्हणून. तेवढ्यात तिनं पातं हवेत मुठीत धरलं.

ती ओरडली नाही. पातं तिनं टेबलावर ठेवलं — ठेवलं, टाकलं नाही — आणि खाली बसली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तळव्यातून रक्त फरशीवरच्या पाण्यात उतरायला लागलं.

आणि मी आधी बूट घातले.

झालं. सांगून झालं. पण असं एका ओळीत सांगितलं तर ते एका क्षणात झाल्यासारखं वाटतं, आणि ते तसं झालं नाही. उजवा लगेच गेला. डावा आडवा पडला होता, पायानं चाचपला तर आणखी आत गेला. मग मी वाकले. टेबलाखाली डोकं घातलं, बूट ओढला, सरळ केला. टाच आत जाईना, पाय ओले होते. बोट घालून टाच आत ढकलली. राजमणी शेजारीच खाली बसलेली, वाकल्यावर तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या हाताकडं, बुटाकडं, परत माझ्याकडं. मी तिच्याकडं बघितलं नाही, तरी ती बघतेय हे मला माहीत होतं. दुसरा बूट पायात नीट बसल्यावर मी उभी राहिले आणि मग ओरडले. मग मिस्त्रींना हाका मारल्या. मग माझा पदर सोडून तिच्या हाताभोवती गुंडाळला. सगळं नीट केलं, जसं करायला हवं तसं. पण मग. सगळं मग.

तुम्ही म्हणाल घाबरली असशील. मीही तसंच म्हणायचे स्वतःला. पण घाबरलेल्या माणसाला आपली नोकरी आठवते का? मला आठवली. रक्त दिसलं आणि त्याच क्षणी मिस्त्री दिसले — ते अजून आले नव्हते तरी.

मिस्त्री आले. कसं झालं, विचारलं. माझ्या पायांकडं बघितलं. पायात बूट होते. मी म्हणाले, "पडत होता, तिनं धरला." मिस्त्रींनी कपाळावर हात मारला, धरायला कुणी सांगितलं होतं म्हणाले. ट्रे कुणी रचला हे त्यांनी विचारलं नाही. पातं कुठं पडत होतं हेही विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती माझ्याकडं बघत राहिली. तू सांग, असं ते बघणं होतं. मी परत तेच सांगितलं, तेच शब्द. तिनं मान वळवली आणि भिंतीकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या आतल्या शिरा तुटल्यात, वाकवणाऱ्या. टाके घातले, नंतर मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनही झालं. मालक वाईट माणूस नव्हते, दवाखान्याचं सगळं त्यांनी बघितलं. पण अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट सरळच राहिली.

ती परत आली तेव्हा तिला पॅकिंगला बसवलं. सुरीला कागद गुंडाळायचा, खोक्यात घालायची. कागद निसटायचा. दोनदा सुरी निसटली, आणि ती नुसती बघत राहिली, हात न हलवता. मालकांनी तिला चांगल्या शब्दांत सांगितलं की आता हे काम तिच्यासाठी सुरक्षित नाही. चूक तिची असल्यामुळं भरपाईचं काही करता येणार नाही, असंही म्हणाले. हे सगळं माझ्यापासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. मी ट्रेमध्ये पाती लावत होते — सगळी एका दिशेनं. ती जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. मी मान वर केली नाही. ती थांबली, आणि गेली.

विड्याही तिला वळता येईनात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तिची बोटं मी बघितली होती. कोणत्या बोटांनी पान धरतात ते मला माहीत होतं.

आता तुम्हाला वाटेल, नोकरीची भीती होती, घरी नवरा बसलेला, लेकरं लहान. होती ना. पण ती भीती किती दिवस पुरते? नवऱ्याला काम लागलं. मिस्त्री वय झाल्यावर घरी बसले. मालकांचा माझ्यावर विश्वास बसला, त्यांनी मला शिकवायला ठेवलं. सांगितलं असतं तरी मला कुणी काढलं नसतं. तेव्हा कशाची भीती होती? उलट त्याच दिवसांत मी ती गोष्ट सांगायला लागले.

पहिल्यांदा एका पोरीनं पडणारी सुरी धरायला हात पुढं केला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, अगं राजमणीसारखं करू नको. ती घाबरली, हात मागं घेतला. मला वाटलं, कामाला आलं की. मग पुढच्या पोरीला जरा रंगवून सांगितलं. मग आणखी रंगवून. पडणारी सुरी, हात वर, पाय मागं. पोरींना हात वर करायची गंमत वाटायला लागली. हळूहळू शेडमध्ये काहीही पडलं — डबा, पाना, चहाचा कप — की सगळ्या दोन्ही हात वर करून "राजमणी" म्हणायच्या आणि हसायच्या. एखादीनं धरलंच काही, तर "झाली बघ राजमणी". मीही हसायची. मी थांबवू शकले असते. माझ्या एका शब्दात थांबलं असतं.

आणि मालक पाहुण्यांना माझे हात दाखवायचे. नंतर सांगते म्हणाले होते ना, त्या वेळी मला काय होतं? हात पुढं केले की मला तळव्यात ओलं वाटतं. घाम असेल. मी हात पटकन मागं घेते आणि एप्रनला पुसते. पाहुण्यांना वाटतं लाजली.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडं कविता म्हणून एक नवी बाई लागली. चुणचुणीत. एक दिवस सकाळी आली आणि मला म्हणाली, ताई, तुमच्या गोष्टीतल्या राजमणी मावशी तर आमच्याच गल्लीत राहतात, काल त्यांना मी सांगितलं, आम्ही हात वर करून तुमचं नाव घेतो म्हणून. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. काय म्हणाल्या, मी विचारलं. "काई न्हाई," कविता म्हणाली, "हसल्या जरा."

त्या दिवशी मला बसवेना. सुट्टी झाल्यावर मी तशीच राजमणीकडं गेले. आता खरं सांगते, माफी मागायला नाही गेले. ती कुणाला काय सांगणार आहे ते बघायला गेले. वाटेत केळी घेतली, हात हलवत कसं जायचं म्हणून.

ती दारातच बसली होती, टोमॅटो निवडत. सकाळी भाजीची गाडी लावते, हे तिनंच सांगितलं. केस पांढरे झालेत. शेजारी तिची सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि राजमणी मधेच तिच्या बोटांकडं बघत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण दाखवलं नाही. बस अक्का, म्हणाली. सुनेला चहा ठेवायला सांगितला. सून आत गेली. चहा आल्यावर राजमणीनं कप दोन्ही तळव्यांत धरला, एखादं लहान लेकरू धरतं तसा. तिच्या पोराचं, माझ्या नातवाचं, गुडघ्यांचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "पोरी माझं नाव घेत्यात म्हणं."

तुझ्यामुळं कितीजणींचे हात वाचले, मी म्हणाले. खरंच असं म्हणाले मी. तिच्या दारात बसून.

"वाचू दे की," ती म्हणाली. एक टोमॅटो बाजूला काढला. "मला तवा वाटायचं, तू सांगशील. लई दिवस वाटलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आता कुनाचं काय बी नको. पन अक्का, त्यांना येवडं सांग. ती सुरी माझ्यावर पडत नव्हती."

मी सांगते म्हणाले. उठले. ती नको नको म्हणत असताना केळी तिथंच ठेवली.

पुढच्या नव्या बायका आल्या तेव्हा मी सांगितलं नाही. फक्त गोष्टीतून तिचं नाव काढलं. एक बाई होती, असं म्हणाले. जुन्या पोरींनी मागून नाव पुरवलं आणि हसल्या.

परवा परत नव्या बायका आल्या. त्यात एक सांगोल्याकडची होती, नवऱ्यासोबत नुकतीच सोलापुरात आलेली. घरी मेंढरं होती म्हणाली, इथं पहिल्यांदाच बाहेर काम करतेय. सगळ्यांच्या मागं उभी, डोक्यावरचा पदर अजून सुटला नव्हता. मी नेहमीसारखं सगळं सांगितलं. पदर, केस, मोजे, ट्रे, बूट. मग गोष्ट सांगितली. बायकांनी हात वर केले, पाय मागं घेतले, हसल्या. या बाईनं हात वर केले नाहीत. ती विचार करत होती. बाकीच्या आपापल्या जागी निघाल्या तेव्हा ती माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, पन ती सुरी पडत कुणावर हुती?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी नाही, डॉक्टरांनी नाही, मालकांनी नाही. ही समोर उभी होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, चाकं अजून सुरू व्हायची होती.

"खाली," मी म्हणाले. "फरशीवर."

तिनं मान हलवली आणि आपल्या जागी गेली. मी तिच्या मागोमाग गेले, तिचा पदर खोचून दिला आणि चाकासमोर कसं उभं राहायचं ते दाखवायला लागले.